स्वतः एकही शोध न लावणाऱ्या बेकनला विज्ञानपद्धतीचा जनक का म्हणतात?

जिज्ञासू:

विज्ञानाच्या पद्धतीविषयी काहीही वाचायला घेतले, तरी फ्रान्सिस बेकन (१५६१–१६२६) याचे नाव आरंभीच येते आणि ‘आधुनिक विज्ञानपद्धतीचा जनक’ अशी त्याची ओळख करून दिली जाते. प्रत्यक्षात तो कायदेपंडित होता, इंग्लंडचा लॉर्ड चान्सलर झाला आणि १६२१ मध्ये लाच घेतल्याच्या आरोपावरून त्याला ते पद गमवावे लागले. त्याच्या नावावर महत्त्वाचा असा एकही शास्त्रीय शोध नाही, आणि कोपर्निकसची सूर्यकेंद्री मांडणीही त्याने स्वीकारली नव्हती. मग विज्ञानाला त्याच्याकडून नेमके काय मिळाले? ‘आधी निरीक्षण करा, मग नियम काढा’ एवढेच त्याचे सांगणे असेल, तर ते ॲरिस्टॉटललाही ठाऊक होते. जाणकारांनी कृपया उलगडून सांगावे.

मीमांसक:

आपली शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर त्याच्या १६२० च्या ‘नोव्हम ऑर्गनम’ या ग्रंथातच सापडते. उदाहरणांवरून नियमाकडे जाणे, म्हणजे विगमन, त्याच्यापूर्वीही होते. मात्र अनुकूल उदाहरणे नुसती मोजत जाऊन त्यांवरून नियम काढणे बेकनला पोरकट वाटते, कारण एकच विरुद्ध उदाहरण पुढे आले की असा नियम कोसळतो. मन अनुकूल तेवढेच टिपते आणि प्रतिकूल ते सोडून देते, हे दाखवण्यासाठी त्याने एक प्राचीन कथा सांगितली आहे. नवस बोलल्यामुळे जहाजबुडीतून वाचलेल्या लोकांची चित्रे देवळात टांगलेली होती. ती दाखवून ‘आता तरी देवांचे सामर्थ्य मान्य करतोस का?’ असे एकाला विचारले गेले, तेव्हा त्याने उलट विचारले की, नवस बोलूनही जे बुडाले त्यांची चित्रे कोठे आहेत? मला तर बेकनचा सारा विचार या एका प्रश्नात सामावलेला दिसतो.

उष्णतेच्या स्वरूपाचा शोध घेताना त्याने हाच प्रश्न पद्धतशीरपणे राबवला. पहिल्या कोष्टकात उष्णता जेथे आढळते अशी २७ उदाहरणे आहेत, दुसऱ्यात त्यांच्याशी मिळतीजुळती पण उष्णता नसलेली उदाहरणे आहेत, आणि तिसऱ्यात उष्णता कमीअधिक होते अशी. सूर्याचे किरण उष्ण असतात, पण चंद्राचे किरण हाताला उष्ण लागत नाहीत. तेव्हा प्रकाश हे उष्णतेचे मूळ स्वरूप असू शकत नाही. अशा रीतीने एकेक पर्याय बाद करत शेवटी तो अशा निष्कर्षाला येतो की, उष्णता ही पदार्थाच्या सूक्ष्म कणांची, पसरू पाहणारी पण अडवली गेलेली गती आहे. या निष्कर्षालाही तो अंतिम मानत नाही. द्राक्षांचा पहिला तोडा, म्हणजे केवळ पहिले पीक, असे तो त्याला म्हणतो. म्हणून माझ्या मते त्याची खरी देणगी निरीक्षणापेक्षा वगळण्याच्या शिस्तीत आहे.

गणितप्रेमी:

मीमांसक यांच्या विवेचनातील आदर समजू शकतो, परंतु त्या कोष्टकांत जिभेला तिखट लागणाऱ्या वनस्पतीही ‘उष्ण’ म्हणून बसवलेल्या आहेत, हे सांगितल्यावाचून चित्र पूर्ण होत नाही. कोणत्या गोष्टी एका जातीच्या समजायच्या, हे कोष्टक स्वतः ठरवू शकत नाही. त्यासाठी आधी मनात एखादी कल्पना असावी लागते. खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६०९ मध्ये मंगळाची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याचे मांडले, तेव्हा त्याच्यापुढे टायको ब्राहेची काटेकोर निरीक्षणे होती. पण लंबवर्तुळ त्या आकड्यांत लिहिलेले नव्हते. त्याने एकामागून एक आकृत्या कल्पून पाहिल्या, गणित केले आणि निरीक्षणांशी न जुळणाऱ्या टाकून दिल्या. बेकनच्या समकालीन विज्ञानाचे हे सर्वांत समर्थ अंग होते, आणि नेमके गणितालाच त्याने दुय्यम स्थान दिले.

ग्रंथसंग्रह:

दोघांचेही मुद्दे मान्य करून मी एका वेगळ्या बाजूकडे लक्ष वेधतो. ज्ञान हे एकट्या प्रतिभावंताचे नव्हे, तर अनेकांनी वाटून घेतलेले काम आहे, ही कल्पना बेकनने जितक्या ठामपणे मांडली तितकी त्याच्या आधी क्वचितच कोणी मांडली असेल. त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या ‘न्यू अटलांटिस’ या कथेत ‘सॉलोमनचे गृह’ नावाची संशोधनसंस्था आहे. तिथे काही जण परदेशांतून माहिती आणतात, काही प्रयोग करतात, काही त्यांचे निष्कर्ष कोष्टकांत मांडतात आणि काही त्यांवरून नियम शोधतात. १६६० मध्ये लंडनमध्ये रॉयल सोसायटी या वैज्ञानिकांच्या संस्थेची स्थापना झाली, आणि १६६७ मध्ये निघालेल्या तिच्या पहिल्या इतिहासग्रंथाच्या मुखचित्रात राजाच्या पुतळ्याशेजारी बेकनला बसवलेले आहे. संस्थेच्या नियतकालिकात दूरच्या प्रवासाला निघालेल्या खलाशांनी कोणकोणत्या नोंदी ठेवाव्यात, याच्या सूचनाही छापल्या जात.

जिज्ञासू:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. देवळातील चित्रांचा प्रश्न वाचल्यावर माझा मूळ प्रश्नच मला अपुरा वाटू लागला. बेकनने काय शोधले, हे मी विचारत होतो, आणि त्याने काय तपासायला लावले, याकडे माझे लक्षच नव्हते. गणितप्रेमी यांचा आक्षेप मात्र मला अजून सुटलेला दिसत नाही. मूळ ग्रंथ वाचायचा झाल्यास आरंभ कोठून करावा?

मीमांसक:

पहिल्या भागातील ३९ ते ६८ ही सूत्रे आधी वाचावीत. मनाला फसवणाऱ्या चार प्रकारच्या ‘मूर्तीं’चे विवेचन तेथे आहे, आणि शब्दांमुळे होणाऱ्या फसवणुकीविषयी तो जे म्हणतो, त्याचा गणितप्रेमी यांनी दाखवलेल्या ‘उष्ण’ वनस्पतींशी थेट संबंध आहे. त्यानंतर दुसऱ्या भागातील उष्णतेची कोष्टके घ्यावीत.