डिस्क प्लेयर ऑटोमेशनमधून चालूच होत नाही, मदत हवी आहे

झरोका: मंडळी, दोन रविवार यात गेले, आता डोकं चालेनासं झालंय. ब्लू-रे प्लेयर होम असिस्टंटला (घरातली उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर) जोडलाय. 'सिनेमा' बटण दाबलं की टीव्ही लागतो, अँप्लिफायर लागतो, प्लेयर ढिम्म. लॉगमध्ये कमांड गेलेली दिसते. आईला रिमोटवरची बारीक बटणं दिसत नाहीत, तिच्यासाठीच हा खटाटोप. कुणी केलं असेल तर लवकर सांगा.

तारवाला: जोडलाय म्हणजे कशाने? लॅन (नेटवर्कची केबल), सिरियल, आयआर (रिमोटसारखा इन्फ्रारेड) की एचडीएमआयवरून सीईसी (टीव्हीच्या केबलमधूनच जाणाऱ्या कमांड)? होम असिस्टंट कशावर चालतंय? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

निशाचर: आयआर ब्लास्टर (रिमोटसारखा सिग्नल सोडणारं यंत्र) लावा, विषय संपला. माझा पाच वर्षं बिनतक्रार चालतोय. प्लेयरच्या काचेवर टॉर्च तिरका मारा, मागे सेन्सरचा काळसर ठिपका दिसेल, ब्लास्टरचा एमिटर (सिग्नल सोडणारा छोटा दिवा) बरोब्बर त्यावर चिकटवा. सिग्नल जातोय का ते मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघा, फिकट जांभळं लुकलुकतं. मागच्या कॅमेऱ्यात दिसलं नाही तर सेल्फीच्या कॅमेऱ्यात बघा.

तारवाला: @निशाचर, आयआर एकतर्फी. कमांड पोचली की नाही कळायला मार्ग नाही. शिवाय पॉवरचं बटण बहुतेक टॉगल असतं. प्लेयर आधीच चालू असला तर 'सिनेमा' बटण दाबल्यावर तो बंद होईल, आणि आई बसेल अंधारात.

निशाचर: बऱ्याच प्लेयरना चालू आणि बंदचे वेगळे कोड असतात, रिमोटवर तशी बटणं नसली तरी. शोधले की सापडतात.

सोनचाफा: ४के एचडीआर बघत असाल तर एचडीएमआय केबल १८ जीबीपीएसची घ्या, नाहीतर चित्र मधेच जातं.

झरोका: केबलचा प्रश्नच नाही, चित्र उत्तम येतंय. प्लेयर लॅनने जोडलाय, होम असिस्टंट रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर. हो, प्लेयर रिमोटने चालू केला की प्ले, पॉज, सबटायटल सगळं होम असिस्टंटमधून होतं.

तारवाला: अहो, हेच पहिल्यांदा सांगायचं होतं! म्हणजे जोडणी ठीक आहे. प्लेयर बंद करा, पाच मिनिटं थांबा आणि त्याचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) पिंग करा, म्हणजे तो उत्तर देतो का बघा.

आडवाट: मागे ९ पिनचा सिरियल पोर्ट असेल तर लॅनच्या नादी लागू नका. आरएस-२३२ हे सिरियलचं मानक साठ सालापासून आहे, अजून दगा देत नाही. फक्त यूएसबी अ‍ॅडॉप्टर आरएस-२३२ चाच घ्या, ३.३ व्होल्ट टीटीएलवाला चालत नाही. केबल सरळ हवी की क्रॉस (पाठवणारी आणि घेणारी तार अदलाबदल केलेली), ते मल्टिमीटरने कळतं: त्याची काळी तार पिन ५ ला, लाल तार आधी पिन २ ला, मग ३ ला. जिथे उणे ५ ते उणे १२ च्या आसपास व्होल्ट दिसतील ती पाठवणारी पिन.

झरोका: पिंग होत नाही. लॅन पोर्टचा दिवाही विझलेला आहे.

तारवाला: मग तिथेच पाणी मुरतंय. वीज वाचवणाऱ्या स्टँडबायमध्ये प्लेयर नेटवर्कच बंद करतोय, कमांड ऐकायला कुणी जागंच नाही. सेटिंगमध्ये नेटवर्क स्टँडबाय किंवा क्विक स्टार्ट असेल, ते चालू करा. आणि राउटरमध्ये प्लेयरचा आयपी कायमचा राखून ठेवा, नाहीतर कधीतरी पत्ता बदलेल आणि पुन्हा हीच शोधाशोध.

आडवाट: सिरियलला आयपीची भानगडच नाही.

मंद्र: अवांतर: डिस्क गोल गोल पुसू नका. मधून कडेकडे, सरळ रेषेत पुसायची. माझ्या कितीतरी डिस्क गोल पुसण्याने गेल्या.

झरोका: तारवाला, झालं!! नेटवर्क स्टँडबाय केलं आणि प्लेयर लागला. तासभर बंद ठेवून पुन्हा बघितलं, तरी लागला. पण डिस्क सुरू होत नाही. चालू केल्यावर ५ सेकंदांनी प्ले पाठवतोय.

तारवाला: ५ सेकंदांत तो डिस्क वाचूनही होत नाही, तेवढ्यात आलेलं प्ले वाया जातं. ठरावीक सेकंद थांबू नका. दर २ सेकंदांनी स्थिती विचारा, डिस्क तयार आहे असं उत्तर आलं की मगच प्ले पाठवा.

निशाचर: मी ४० सेकंद ठेवलेत, नेहमी पुरतात.

तारवाला: डिस्कवर ओरखडा असला की नाही पुरणार.

झरोका: स्थिती विचारून केलं, चाललं. आत्ता आईने स्वतः बटण दाबलं आणि सिनेमा लागला! आता एकच राहिलं, ट्रे उघडा राहिला तर प्लेयर काय उत्तर देतो? उद्या बघून इथेच लिहितो.