एकाच वेळी तीन कॅरेक्टर कसे सांभाळता? मदत हवी आहे

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेममध्ये टँक (शत्रूचा मार झेलणारा), हीलर (साथीदारांना बरं करणारा) आणि मेज (जादूने हल्ला करणारा) असे तीन कॅरेक्टर तीन विंडोंत चालवतोय. एक की दाबून सगळ्यांना हुकूम सोडणारी सॉफ्टवेअर वापरायला 2020 पासून बंदी आहे, त्यामुळे ती सुचवू नका. अकाउंट गमवायचं नाही. विंडो बदलत हातानेच खेळायचंय.

फॉलो (दुसऱ्या कॅरेक्टरच्या मागे आपोआप जाणं) लावून चालणं जमतं. मेजला असिस्टचा मॅक्रो (टँकचंच टार्गेट निवडणारी छोटी आज्ञा) दिलाय, तोही बरा चालतो. घोळ हीलरचा. टँक हलला की हीलर त्याच्यामागे पळतो आणि चालू हील तुटतं. फॉलो काढलं तर बिचारा मागेच राहतो! इन्स्टंट हीलवर (पळतानाही टाकता येतं त्यावर) भागवावं, की दुसरा क्लास घ्यावा? शिवाय मागच्या विंडोंचा एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) किती ठेवता?