'एक बार, एक जनावर' म्हणे! ठासणीच्या बंदुकीचं कौतुक आता पुरे

कातळखोप

'दुनळी' यांनी परवा लिहिलेलं वाचून दोन दिवस गप्प बसायचा प्रयत्न केला. जमलं नाही. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी, त्यांचं म्हणणं असं: पूर्वीची शिकार मर्दाची. ठासणीची बंदूक, एकच बार, चुकला तर जनावर अंगावर. जनावरालाही संधी असायची. आता अंगाच्या उष्णतेवरून अंधारात जनावर दाखवणाऱ्या थर्मल दुर्बिणी, रानात आपोआप फोटो काढणारे ट्रेल कॅमेरे, कप्प्यांची कंपाउंड धनुष्यं आली आणि शिकारीचा कसाईखाना झाला. खाली 'वा साहेब'ची रांग.

साहेब, ठासणी भरलीत का कधी? आमच्याकडे आजोबा भरायचे, मी कंदील धरायचो. नळीत दारू, तिच्यावर काथ्याचा बोळा, मग गजाने ठोकायचं. गज आपोआप उसळून वर आला की दारू नीट बसली. मग छरे, परत बोळा, परत गज, शेवटी केप, म्हणजे घोडा आपटला की ठिणगी देणारी छोटी टोपी. तेवढ्यात एक विडी ओढून व्हायची. केपांची डबी आजोबा बंडीच्या आत छातीशी ठेवायचे, कारण दमट झाली की नुसतं 'टिक' वाजतं आणि डुक्कर तुमच्याकडे बघतं. यात मर्दपण कसलं आलंय? आजोबा त्याला सरळ कटकट म्हणायचे. परवाना पीकरक्षणाचा होता, हौसेचा नव्हता.

आता संधीचं. एका रात्री कुणग्यात, म्हणजे भाताच्या वाफ्यात, डुक्कर शिरलं, आजोबांनी बार टाकला. ते किंचाळलं आणि वहाळात उतरलं. दुसरा बार भरेपर्यंत सगळं शांत. जखमी डुकरामागे रात्री जायचं नाही हा घरचा नियम. सकाळी रक्त वहाळापर्यंत दिसलं, पुढे नाही. चौथ्या दिवशी वासावरून करवंदीच्या जाळीत सापडलं. मागची मांडी छऱ्यांनी फाटलेली आणि भोवतीची माती गोल उकरलेली, घाण्याभोवती बैल फिरल्यासारखी. म्हणजे ते बराच वेळ जिवंत होतं. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. ही तुमची संधी.

चांगल्या दुर्बिणीची रायफल असती तर ते जागच्या जागी पडलं असतं. एवढंच म्हणायचं आहे.

दुनळी

आजोबांचा नेम कच्चा होता, तो बंदुकीच्या माथी मारू नका. जाणता शिकारी जनावर पंधरा पावलांवर येईपर्यंत घोडा ओढत नसे. एकच बार आहे म्हटल्यावर माणूस दहादा विचार करतो, माझा मुद्दा तोच होता.

आणि इतिहास बघा. 1947 साली कोरिया संस्थानच्या राजाने देशातले शेवटचे तीन चित्ते मारले ते रात्री, गाडीतून जाताना. 1952 साली सरकारने चित्ता संपल्याचं जाहीर केलं. माळावरची काळविटं कोणी संपवली? महायुद्धानंतर लष्कराच्या जुन्या जिपा बाजारात आल्या, त्यांना स्पॉटलाइट लागले, आणि जिथे कळप होते तिथे धूळ उरली. ठासणीवाल्याने शंभर वर्षांत केलं नाही ते जीपवाल्याने दहा वर्षांत केलं.

कातळखोप

आजोबांवर जायचं काम नाही. तुमचा तो 'जाणता शिकारी' मला आजवर फक्त गोष्टींत भेटलाय, आणि गोष्ट सांगणारा दर वेळी स्वतः शिकारीच असतो.

जीपचा मुद्दा मान्य. पण बंदूक तर राजाकडेही होती आणि जीपवाल्याकडेही. पाप चाकांचं निघालं, नळीचं नव्हे.

निसर्गवेडी

1972 पासून वन्यजीव संरक्षण कायदा आहे, आणि इथे दोन पुरुष बार कसा भरावा याची कृती देतायत. आता मसालाही सांगून टाका, किती कोकमाचं आगळं घालायचं वगैरे.

दुनळी

ताई, आम्ही साधनांवर बोलतोय. पुण्याच्या गॅलरीत कबुतरं मोजून रान कळत नाही.

निसर्गवेडी

मी चिपळूणची आहे. गॅलरी नाही, पडवी आहे. आणि मागच्या महिन्यात त्या पडवीत माकडांनी काय केलं ते सांगायला लागले तर हा धागा उद्यापर्यंत पुरणार नाही. तरी मी बंदूक मागत नाही.

पेनसिल्व्हेनियाचा_पंत

मी इथे गेली काही वर्षं परवाना काढून हरणाच्या शिकारीला जातो (सोलापूरच्या आईला अजून सांगितलेलं नाही). दोघांचंही अर्धं चुकतंय.

आमच्या राज्यात नाताळनंतर फक्त चकमकीच्या बंदुकीचा वेगळा मोसम असतो, 1974 पासून. केपसुद्धा चालत नाही. नळीच्या बाहेर, कानाशी, रंजक (पेटवणीची बारीक दारू) घालायची, चकमक झडायची, आणि बार उडेपर्यंत मध्ये एक क्षण जातो. त्या क्षणात हरीण हललं तर गेलंच. थंडीत माझी रंजक ओली होऊन तीनदा फुसकी गेली. दुनळी म्हणतात ती मजा आहे त्यात, खोटं कशाला बोलू. पण ती मजा माझी, हरणाची नाही.

उलट बाजूला ऍरिझोनाने 1 जानेवारी 2022 पासून शिकारीसाठी ट्रेल कॅमेऱ्यांवर बंदी घातली. पाणवठ्यापाशी कॅमेरे लावून लोक घरबसल्या हरणाची वेळ बघत होते. म्हणजे कसाईखान्याची तक्रार अगदीच हवेतली नाही.

आणि टेक्सासात 2011 पासून रानडुकरं हेलिकॉप्टरमधून मारायला कायद्याने मुभा आहे, 2017 पासून फुग्यातूनही. खरंच, उडत्या फुग्यातून! थर्मल तर घरोघरी. तरी तिथल्या डुकरांचा अंदाज 20 लाखांहून जास्तच सांगतात. तेव्हा नवीन साधन आलं की जनावर संपतं, असं निदान डुकराच्या बाबतीत तरी नाही.

दुनळी

फुग्यातून?? बरं. पुढच्या गणपतीत आमच्या वाडीत एक फुगा पाठवा.

बाबल्या_मालवणकर

तुमचा थर्मल नि ठासणी बाजूक ठेवा. माझी लायसनची एकनळी 2024 सालात दोनदा पोलीस ठाण्यात जावन बसली. लोकसभेची आचारसंहिता 16 मार्चाक लागली, निकाल 4 जूनाक. तोपर्यंत काजीचो मोसम संपलो. मगे विधानसभेची 15 ऑक्टोबराक लागली, निकाल 23 नोव्हेंबराक. भात पिकान आडवा पडाक इला आणि बंदूक ठाण्यात! डुकरांका आचारसंहिता लागना नाय.

सोयाबीनवाला

निवडणुकीत बंदुका जमा करायलाच पाहिजेत भाऊ. आमच्याकडे सरपंचकीवरून काय काय होते ते पाहिलं आहे.

बाबल्या_मालवणकर

ज्याका मारामारी करूची तो लायसनची बंदूक घेवन करता? नंबर, नाव, फोटो सगळा सरकारात आसा. आमची बंदूक घेतली आणि चोरटी गावठी रानात तशीच.

दुनळी

सवलतीसाठी अर्ज करता येतो. छाननी समिती असते. अडचण सांगितली की बघतात.

बाबल्या_मालवणकर

केलंय. उत्तर इला तेवा मळणी झाली होती.

कातळखोप

हे मात्र शंभर टक्के. काकांची बंदूक परत आणायला मी गेलो होतो. नळीवर गंज, दस्त्याला कोणाच्या तरी पानाचा डाग. पावतीवर सही केल्याशिवाय हातात देत नाहीत, आणि सही 'सुस्थितीत मिळाली' याच्यावर. मी म्हटलं, गंज दिसतोय. ते म्हणाले, घरी नेऊन तेल घाला.

दुनळी

पहिल्यांदा तुमच्याशी सहमत. माझ्या जोडबारचा (दोन नळ्यांच्या बंदुकीचा) घोडाच सैल होऊन आला.

निसर्गवेडी

वा. आता बंदूकवाल्यांची गळाभेट. मूळ विषय जनावरांचा होता.

माळरान

तेवढ्यासाठीच लिहिते. मी सिंधुदुर्गात आणि सोलापुरात जखमी वन्यजीवांच्या कामात मदत करते. तुम्ही सगळे बंदुकीवर भांडताय, पण गावातलं 'आधुनिक साधन' थर्मल नाही. ते म्हणजे मोटारसायकलची क्लच वायर.

जुनी फासकी तांतीची (जनावराच्या आतड्याच्या दोरीची), घोड्याच्या केसांची. फासेपारधी तितरासाठी लावायचे तेव्हा तिथेच आडोशाला बसून राहायचे. चार पावसांत तांत कुजायची. ससे-हरणांसाठी वाघूर (जाळं) लावली तरी ती संध्याकाळी गुंडाळून न्यायची. (आणि त्याच समाजावर इंग्रजांनी गुन्हेगार जमात म्हणून शिक्का मारला. तो कायदा 1952 मध्ये गेला, शिक्का अजून गेलेला नाही. पारधी म्हटलं की लगेच शिकारीवरच येणाऱ्यांसाठी हे वेगळं लिहिते आहे.)

क्लच वायर कुजत नाही. लावणारा लावून विसरतो. डुकरासाठी लावलेली, अडकतो बिबट्या. मी पाहिलेल्या एकाच्या कमरेभोवती वायर इतकी रुतली होती की वरून फक्त केस दिसत होते, वायर दिसतच नव्हती. तो ओढत राहतो आणि फास आवळत जातो. त्याने शेजारचं काजूचं झाड चावून सोललं होतं, माणसाच्या छातीइतक्या उंचीपर्यंत.

कायद्यात 'शिकार' म्हणजे फासकी लावणंही आलं. पण पकडायचं कोणाला, वायरवर नाव नसतं.

सोयाबीनवाला

ताई, आमच्या यवतमाळकडे वायरीच्या पुढची पायरी आहे. डायरेक्ट लाइन. खांबावर आकडा टाकायचा आणि कुंपणात करंट सोडायचा. झटका मशीन वेगळी: ती बॅटरीवर चालते, ठोका देते आणि सोडते. डायरेक्ट लाइन धरून ठेवते. डुक्कर मरते, वाघ मरते, माणूसही मरते. माझ्या चुलत्याचा बैल असाच गेला, शेजाऱ्याच्या बांधावर. शेजारी म्हणे मला काय माहीत, तुमचा बैल माझ्याकडे कसा आला. आजही दोन घरांत बोलणं नाही.

आणि रोही, म्हणजे नीलगाय! सोयाबीन फुलोऱ्यावर आलं की कळप. अर्ज करा, पाहणी होईल, पंचनामा होईल. पंचनाम्याला माणूस आला तेव्हा मी तूर पेरून मोकळा झालो होतो. तो म्हणे नुकसान दाखवा. काय दाखवू, रोह्याचं पोट?

दुनळी

डायरेक्ट लाइन म्हणजे भ्याडपणाचा कळस. त्यापेक्षा ठासणी शंभरपट बरी, हे तरी मान्य करा कातळखोप.

कातळखोप

क्लच वायर आणि करंटच्या तुलनेत ठासणी बरी. हो. भगंदराच्या तुलनेत मूळव्याध बरी, तसं.

पेनसिल्व्हेनियाचा_पंत

एक राहिलं. तुमच्या ठासणीतले छरे शिशाचेच असणार. इथे पाणपक्ष्यांवर शिशाचे छरे 1991 पासून देशभर बंद आहेत. कॅलिफोर्नियाने तर 1 जुलै 2019 पासून कुठल्याच शिकारीत शिशाची गोळी चालू दिली नाही. जखमी होऊन निसटलेलं जनावर रानात मरतं, गिधाडं ते खातात आणि शिशाने मरतात. तिथली कॉन्डोर गिधाडं त्यापायीच जात होती. कातळखोपांचं डुक्कर चौथ्या दिवशी सापडलं, पण न सापडलेली किती?

दुनळी

आता गिधाडंही माझ्याच अंगावर. ठीक आहे. 'जनावराला संधी' हा शब्द मागे घेतो. 'शिकाऱ्याला धाक' म्हणा हवं तर, तो असायचा.

कातळखोप

धाक असायचा, हे खरं. आजोबांनी त्या डुकरानंतर बंदूक आढ्याला टांगली आणि पुढची तीन वर्षं कुणग्यात पत्र्याचे डबे वाजवत रात्री काढल्या.

दुनळी

आणि भात?

कातळखोप

निम्मं गेलं.

सोयाबीनवाला

चला, शेतावर जागलीला निघतो. टॉर्च, सुतळी बॉम्ब आणि थर्मासमध्ये चहा. एवढंच माझं आधुनिक साधन. बाबल्याभाऊ, बंदूक आली का परत?

बाबल्या_मालवणकर

इली. तेल घालतंय.