अनुभव धागा: मूल झोपेत अंथरूण ओलं करतं तेव्हा

पावसाळा लागला की आमच्या वर्तकनगरच्या घरात गादी वाळत नाही, आणि सहा वर्षांची लेक सकाळी नजर चुकवते. पाच वर्षांपर्यंत याला आजार मानत नाहीत, एवढं माहीत आहे. तुमच्याकडे काय झालं, सविस्तर लिहा.

नेरूळ, आई
ताई, आधी तिला रोज शी होते का ते बघा. आम्ही वर्षभर शूच्या मागे लागलो आणि दुखणं निघालं पोटाचं. मुलगा तीन-तीन दिवस जायचा नाही. डॉक्टरांनी पोट चाचपलं. म्हणाले, आतडं भरलेलं असलं की मूत्राशयावर दाब येतो, रात्रभराची लघवी मावत नाही. शाळेतलं बाथरूम नको म्हणून तो दिवसभर पाणीच प्यायचा नाही आणि घरी आला की घटाघटा प्यायचा, हेही तेव्हा कळलं. औषधाने पोट साफ झालं. पपई, पालेभाजी वाढवली, पाण्याची बाटली शाळेतच संपवायची सवय लावली. झोपताना एकदा शू, मग गोष्ट, मग पुन्हा शू. चार महिने लागले.

ऐरोली, बाबा
मी स्वतः नऊ वर्षांचा होईपर्यंत गादी भिजवत होतो. माझी गादी चाळीच्या गॅलरीत सगळ्यांना दिसेल अशी टाकायचे, ते अजून विसरलो नाही. आईवडिलांपैकी एकाला हा त्रास असेल तर मुलाला होण्याची शक्यता साधारण ४४ टक्के, दोघांना असेल तर ७७. लेकाला सांगितलं, "बाबाचंही असंच व्हायचं." त्या रात्री तो पहिल्यांदा आपणहून चादर बदलायला उठला. चड्डीला लावायचा, ओलं झालं की वाजणारा अलार्म वापरला. सुरुवातीला आम्हीच जागे व्हायचो, तो ढिम्म. दहा आठवडे धीर धरला.

खारघर, आई
आमचं वेगळं होतं. तिसऱ्या वर्षापासून कोरडी राहणारी मुलगी सातव्या वर्षी पुन्हा भिजवू लागली. सगळे म्हणाले, शाळेची भीती. पण ती रात्री उठून पाणी मागायची, फ्रॉक सैल व्हायला लागले होते. रक्तातली साखर तपासली, टाइप १ मधुमेह निघाला. असं दिसलं तर कृपा करून त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

कोपरी, आजी
गादीवर मेणकापड, त्यावर चादर, त्यावर पुन्हा मेणकापड आणि चादर. रात्री वरची जोडी काढली की खाली कोरडं अंथरूण तयार, पोर लगेच झोपतं. आणि संध्याकाळचा चहा बंद करा गं, बशीतला घोटभरसुद्धा.