जुळ्यांच्या अभ्यासातला आकडा कोणत्या घरांतला?

बुद्ध्यांकाची आनुवंशिकता ५० ते ८० टक्के असल्यामुळे शाळांवर कितीही खर्च केला तरी फरक पडणार नाही, असा निष्कर्ष काढला जातो; तो मला पटत नाही. जुळ्यांच्या अभ्यासांतून येणारा हा आकडा मात्र प्रौढांच्या बाबतीत साधारण बरोबर आहे. एखाद्या व्यक्तीच्या बुद्धीत जनुकांचा वाटा किती, हे तो सांगतच नाही. विशिष्ट समूहात, विशिष्ट परिस्थितीत माणसामाणसांत दिसणाऱ्या फरकापैकी किती भाग जनुकीय फरकांशी निगडित आहे, एवढेच तो सांगतो, आणि परिस्थिती बदलली की तोही बदलू शकतो.

मानसशास्त्रज्ञ एरिक टर्कहायमर आणि सहकाऱ्यांनी २००३ साली अमेरिकेतील सात वर्षांच्या जुळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि त्यात (अशा अभ्यासांत एरवी फारशी न येणारी) अत्यंत गरीब घरांतील मुले बऱ्याच संख्येने होती. या घरांत बुद्ध्यांकातील फरकांपैकी सुमारे ६० टक्के फरक भावंडांच्या सामायिक वातावरणाशी जोडलेला आढळला आणि जनुकांचा वाटा जवळजवळ शून्य निघाला; सुखवस्तू घरांत चित्र जवळजवळ उलटे होते. अर्थात, यावरून 'सगळे वातावरणच' असेही म्हणता येत नाही, कारण टकर-ड्रॉब आणि बेट्स या संशोधकांनी २०१६ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले तेव्हा गरीब घरांत जनुकांचा वाटा कमी होण्याचा हा परिणाम अमेरिकेत दिसला, पण पश्चिम युरोप आणि ऑस्ट्रेलियात दिसला नाही. तिथे शिक्षण आणि आरोग्यसेवा अधिक समान रीतीने मिळतात, हे त्याचे एक संभाव्य कारण त्यांनी सुचवले आहे.