रोमला जाऊन व्हॅटिकन म्युझियम गाळलं तर काय बिघडतं? (मी गाळतेय)

गोदाकाठची
ऑक्टोबरच्या शेवटी मी, नवरा आणि सासूबाई असे तिघं रोमला चाललोय. पूर्ण चार दिवस, फक्त रोम, फ्लोरेन्स नाही व्हेनिस नाही. सासूबाई ६९ च्या, उजवा गुडघा कुरकुरतो, सपाटीवर तासभर चालतात पण एका जागी उभं राहणं जमत नाही, रांगेत दहा मिनिटं झाली की चेहऱ्यावर दिसतं, तोंडाने मात्र काही बोलणार नाहीत.

कोलोसियम ठरलंय, तिथे लिफ्ट आहे आणि तिकीट वेळेचं असतं. पँथिऑन (जुनं रोमन देऊळ) ठरलंय. सेंट पीटर्स बॅसिलिका, म्हणजे व्हॅटिकनचं मोठं चर्च, सकाळी ७ ला उघडतं तेव्हाच जाऊन येणार. आणि व्हॅटिकन म्युझियम्स पूर्ण गाळायची असं मी ठरवलंय. नवरा तेव्हापासून माझ्याशी तुटक बोलतोय.

माझं म्हणणं असं की वर्षाला साठ लाखांच्या वर माणसं त्या एका वाटेने एकाच दिशेने सरकतात, त्या लोंढ्यात म्हाताऱ्या माणसाला घेऊन जाऊन नक्की काय बघणार? मावसबहीण जूनमध्ये गेली होती, तिला त्याच म्युझियममधल्या सिस्टिन चॅपेलमधलं काय आठवतं विचारलं तर म्हणाली पुढच्या माणसाची सॅक. त्यापेक्षा रोममध्ये फुकट आणि बसून बघण्यासारखं किती आहे बघा ना. नव्होना चौकाजवळ सान लुईजी देई फ्रान्चेझी म्हणून चर्च आहे, तिथे काराव्हाज्जो या चित्रकाराची सेंट मॅथ्यूवरची तीन चित्रं ज्या भिंतींसाठी काढली त्याच भिंतींवर अजून आहेत, चारशे वर्षांच्या वर झाली. सान पिएत्रो इन व्हिंकोलीत मायकेलअँजेलोचा मोझेसचा पुतळा. सांता मारिया देल्ला व्हित्तोरियात बर्निनीचा सेंट तेरेसाचा पुतळा. तिकीट शून्य. आणि पैसे द्यायचेच तर टर्मिनी स्टेशनजवळच्या पालात्सो मास्सिमो म्युझियमला देईन, तिथे गर्दी नसते.

बोला आता. शिव्या घातल्या तरी चालतील.

भटकी_भवानी
शिव्या नाही घालत पण हे म्हणजे पंढरपूरला जाऊन विठोबा न बघता परत येण्यासारखं झालं. मायकेलअँजेलोने १५०८ ते १५१२ अशी चार वर्षं मान वर करून सिस्टिनचं ते छत रंगवलं (झोपून नाही, उभ्याने, परातीवर उभं राहून) आणि आपण तिथे चार दिवस असून तासभर मान वर करायला तयार नाही? गर्दी कुठे नसते गं. तुळशीबागेत गणपतीच्या आधी जातेसच ना.

भटकी_भवानी
परातीवर नाही, *परांचीवर*. मोबाईलचा ऑटोकरेक्ट 🤦

चिंच_गूळ
परातीवर उभा मायकेलअँजेलो डोळ्यासमोर आला आणि ऑफिसात एकटीच हसत बसले 😂

बाकी पंढरपूरचं उदाहरण तुझ्यावरच उलटतंय हो भवानी. एकादशीला पायी गेलेले कित्येक वारकरी कळसाचं दर्शन घेऊन, नामदेवाच्या पायरीला हात लावून माघारी फिरतात आणि त्यांची वारी पोचली असंच आपण मानतो, कोणी विचारत नाही की आत गेलात का. गाभाऱ्यात गेलंच पाहिजे ही टूरिस्टाची हाव. गोदाकाठची, तुला +१.

फिरस्ता_६२
आम्ही उभयता दोन वर्षांपूर्वी ग्रुप टूरने गेलो होतो, आठ दिवसांत चार देश, त्यावर इथे हसतात लोक, हसू देत. सिस्टिन चॅपेलमध्ये आम्हाला मोजून पंधरा मिनिटं मिळाली, त्यातली पाच सौ. ला शोधण्यात गेली. पण सांगतो, कडेने भिंतीला लागून बाकं आहेत, मी तिथे एका जर्मन आजोबांनी सरकून दिलेल्या जागेत बसलो आणि वर बघितलं. रखवालदार मधूनच सिलेन्झिओ सिलेन्झिओ (शांतता) ओरडत होता, फोटो काढायला बंदी असल्यामुळे हातात मोबाईल नाही, काही करण्यासारखंच नाही बघण्याशिवाय. अशी पाच मिनिटं मला नंतर अख्ख्या टूरमध्ये कुठे मिळाली नाहीत. तेव्हा गर्दी आहे म्हणून जाऊ नका हे मला पटत नाही.

गोदाकाठची
@फिरस्ता काका, पण त्या पाच मिनिटांसाठी आधी किती चाललात? तो आकडा सांगा ना.

फिरस्ता_६२
दीड तास असेल. पाय भरून आले होते हे खरं.

गोदाकाठची
तेच म्हणतेय मी.

तोरिनोकर
मी इटलीत नऊ वर्षं आहे, घरचे आले की रोम दाखवायची ड्यूटी माझीच, आत्तापर्यंत पाच वेळा केलीय, त्यातल्या दोन वेळा गुडघेवाले पाहुणे होते. तेव्हा जरा स्पष्ट बोलतो, रागावू नका. तुमचा फुकटचा प्लॅन गुडघ्याला व्हॅटिकनपेक्षा महाग पडणार आहे.

एक तर रोमचे रस्ते. जुन्या भागात सगळीकडे सांपिएत्रीनी, म्हणजे मुठीपेक्षा मोठे काळे दगड, वरून गुळगुळीत आणि मध्ये फटी. पाऊस झाला की घसरडे, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाऊस असतोच. सपाटीवर तासभर चालणारी बाई यावर वीस मिनिटांत दमते, माझ्या आत्याचं हेच झालं. तुमची तीन चर्चं नकाशावर जवळ दिसतात पण प्रत्यक्षात एक एका टोकाला तर दुसरं दुसऱ्या. मोझेसच्या चर्चला व्हिया काव्हूरवरून जायचं तर मोठा जिना आहे. आणि ही चर्चं दुपारी बंद असतात, साडेबाराच्या सुमाराला दार लोटून घेतात ते साधारण तीनपर्यंत उघडत नाहीत. तेवढा वेळ आजींना बसवणार कुठे? कॅफेत? टेबलावर बसलात की कॉफीचा भाव वेगळा, उभ्याने प्यायलात तर वेगळा, आणि आजींना उभं राहता येत नाही म्हणजे भाव बसल्याचाच. शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं, संडास. चर्चमध्ये नसतो. म्हातारी माणसं त्या भीतीने पाणी पीत नाहीत आणि मग संध्याकाळी डोकं धरून बसतात.

उलट व्हॅटिकन म्युझियममध्ये लिफ्ट, बाकं, स्वच्छतागृह, खायची सोय सगळं एका छपराखाली. व्हीलचेअर मागितली तर मिळते. सासूबाईंना पटवा की तासभर चाकाच्या खुर्चीत बसलं म्हणून कोणी अपंग होत नाही, हे आपल्याकडच्या बायकांना पटवणं हेच खरं अवघड काम. आत्या आधी दोन दिवस नाही नाही करत होती, बसल्यावर राणीसारखी हात दाखवत फिरली.

फक्त महिन्याचा शेवटचा रविवार टाळा, त्या दिवशी फुकट असतं आणि जी काय झुंबड होते ती बघवत नाही. बाकीच्या रविवारी बंदच. बुधवारी सकाळी चौकात पोपची सभा असली की बॅसिलिका बंद ठेवतात, तुमचा ७ वाजताचा बेत बुधवारचा असेल तर आत्ताच बदला.

चिंच_गूळ
संडासाच्या मुद्द्यावर माझी बोलती बंद.

गोदाकाठची
@तोरिनोकर, बुधवारचं माहीत नव्हतं, आमचा बेत नेमका बुधवारचाच होता, थँक्यू थँक्यू. जिन्याचंही माहीत नव्हतं, मोझेसला टॅक्सीने जाऊ. पण व्हीलचेअर मिळते म्हणजे गर्दी जाते असं नाही ना? खुर्चीत बसलेल्या माणसाला लोकांच्या कमरा दिसतात फक्त. आणि माझा मूळ मुद्दा गुडघा नव्हताच खरं तर, गुडघा निमित्त. मला एक वस्तू नीट बघायला आवडते, सात किलोमीटर गॅलऱ्या बघायला आवडत नाहीत.

पालात्सो मास्सिमोमध्ये बसलेल्या मुष्टियोद्ध्याचा ब्रॉन्झचा पुतळा आहे, १८८५ मध्ये क्विरिनाल टेकडीवर सापडलेला. मी त्याचे फोटो झूम करून करून बघते. मॅच संपलीय, हाताला अजून चामड्याच्या पट्ट्या गुंडाळलेल्या, नाक फुटलंय, कानाचं पार भजं झालंय, आणि जखमांमधून आलेलं रक्त दाखवायला ब्रॉन्झमध्ये तांबं बसवलंय. मान वळवून तो वर कोणाकडे तरी बघतोय, जसं काही कोणी हाक मारली. दोन हजार वर्षांपूर्वीचा माणूस आणि दमलेला. जिंकला का हरला तेही कळत नाही. याच्यासमोर मी अर्धा तास बसेन आणि धक्का मारायला कोणी नसेल. त्याच म्युझियममध्ये सम्राट ऑगस्टसच्या बायकोच्या, लिव्हियाच्या, बंगल्यातली रंगवलेली बाग आहे, खोलीच्या चारही भिंतींवर झाडं, फळं, पक्षी. हे सोडून मी व्हॅटिकनमधल्या नकाशांच्या लांबलचक बोळातून ढकलली जात का जाऊ?

रंगपेटी
लिव्हियाचं नाव काढलंस म्हणून लिहिते, एरवी मी नुसती वाचते. ती बाग प्रिमा पोर्ताच्या ज्या बंगल्यातली आहे त्याच बंगल्यात १८६३ मध्ये ऑगस्टसचा तो प्रसिद्ध पुतळा सापडला, हात उंचावलेला, चिलखतातला. बायकोच्या घरातली बाग इकडे आणि नवरा तिकडे, व्हॅटिकन म्युझियममध्ये. म्हणजे तुझ्याच आवडीची अर्धी गोष्ट तू गाळतेयस.

आणि मोझेस बघणार असशील तर व्हॅटिकनमधला लाओकूनचा पुतळा बघच बघ. १५०६ मध्ये रोममधल्या एका द्राक्षाच्या मळ्यात सापडला, पोपने बघायला माणसं पाठवली त्यात मायकेलअँजेलो स्वतः होता. सापांनी आवळलेला बाप आणि दोन पोरं. त्या पिळलेल्या पाठी आणि दंड बघून मग सिस्टिनच्या छतावरच्या आकृत्या बघितल्या की डोक्यात काहीतरी जुळतं. फोटोत जुळत नाही, मी वीस वर्षं मुलांना फोटोवरून शिकवलंय.

मला गर्दीचा मुद्दा मान्य आहे पण त्याला उत्तर गाळणं हे नाही. त्या म्युझियममध्ये पिनाकोतेका म्हणून चित्रांचा वेगळा भाग आहे, ९० टक्के लोक सिस्टिनच्या घाईत तिकडे फिरकतच नाहीत. राफाएलचं शेवटचं मोठं चित्र तिथे आहे, तुझ्या काराव्हाज्जोचं येशूला थडग्यात ठेवतानाचं चित्र तिथे आहे, आणि शांतता आहे.

भटकी_भवानी
९० टक्के कुठून आणलेस, मोजलेस का 😄

रंगपेटी
मोजले नाहीत, बोलायची पद्धत. आम्ही गेलो तेव्हा त्या खोलीत आम्ही दोघी आणि एक पेंगणारा रखवालदार होता, एवढं मात्र मोजलंय.

कोल्हापुरी_ठसका
रोम रोम काय करताय, रोमन काळातला एक देव आमच्या टाऊन हॉल म्युझियममध्ये उभाय. पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी ब्रॉन्झ मूर्ती, ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली. रांग नाही, घसरडे दगड नाहीत, बाहेर आल्यावर मिसळ. आणि रोमन फोरमला, म्हणजे जुन्या रोमच्या अवशेषांत, जाणार असाल तर मॅक्सेन्शियसच्या बॅसिलिकेखाली जुन्या मिऱ्यांच्या कोठाराचे अवशेष आहेत ते बघा, सम्राट डोमिशियनच्या काळातलं, म्हणजे आपल्याकडची मिरी तिकडे कोठार भरून जात होती. त्या काळच्या प्लिनी या रोमन लेखकाने तर लिहूनच ठेवलंय की हिंदुस्तान दरवर्षी आपले पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) खातोय.

चिंच_गूळ
विषय काय, हे मिसळीवर पोचले. (कोठाराचं मात्र भारी आहे, माहीत नव्हतं.)

बोरिवली_फास्ट
सगळे हुशार आहात पण मला एक कळत नाही, पैसे किती वाचतायत? तीन माणसांची व्हिसा फी, विमान, हॉटेल धरून लाखांत खर्च आणि गाळायचं काय तर २५ युरोचं तिकीट? (२० चं तिकीट आणि ऑनलाइनचे ५ वर, मी काढलं तेव्हा असंच होतं.) परत कधी जाणार आहात? आपल्यासारख्यांचं रोम आयुष्यात एकदा होतं. परत आल्यावर प्रत्येक लग्नात, प्रत्येक हळदीकुंकवाला सासूबाईंना विचारणार की पोपचं ते छत बघितलं का हो, त्या काय सांगणार, सूनबाईला मुष्टियोद्धा आवडला?

गोदाकाठची
लोकांना उत्तर द्यायला जायचं असेल तर फोटो छापून घेऊ की नाशिकलाच. आणि फुकटवाल्या जागांनाही लोकांनी सोडलेलं नाहीच म्हणा, सांत इग्नात्सिओ चर्चमध्ये छतावर भासमान घुमट रंगवलाय तो मला बघायचा होता, तर तिथे आता खाली आरसा ठेवलाय आणि छतासकट सेल्फी काढायला लोक त्या आरशासाठी रांग लावतात. वर कोणीच बघत नाही. हे वाचून मी ते चर्च यादीतून काढलं.

तोरिनोकर
रांग आरशाची असते, छताची नसते. रांग सोडून बाकावर बसलात की सगळा घुमट तुमचाच. काढू नका ते.

फिरस्ता_६२
एक विचारू का? दोन दिवस झाले, आपण सगळे सासूबाईंच्या गुडघ्याबद्दल बोलतोय. त्यांना काय बघायचंय हे कोणी विचारलं?

गोदाकाठची
विचारलं काल रात्री. आधी नेहमीचं उत्तर, तुम्ही जिथे न्याल तिथे. मग जेवणं झाल्यावर भांडी आवरताना आपणहून म्हणाल्या की त्यांच्या लग्नाआधी माहेरी भिंतीवर एक कॅलेंडर होतं, परदेशी चित्रांचं, त्यात देवाचं बोट आणि माणसाचं बोट जवळ आलेलं चित्र होतं, वर्ष संपल्यावरही वडिलांनी ते पान काढू दिलं नव्हतं. ते म्हणे तिकडेच कुठेतरी आहे ना?

मी अर्धा मिनिट गप्प. नवरा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून माझ्याकडे बघत होता, त्याचा चेहरा तुम्ही कल्पना करा.

तर गुरुवारी सकाळी ८ चा स्लॉट काढलाय, तिघांचा. व्हीलचेअरचं मी त्यांना अजून सांगितलेलं नाही, ती हिंमत विमानात करेन. नकाशांचा बोळ मला अजूनही नको आहे आणि एवढ्या गर्दीत ते बोट त्यांना नीट दिसेल याची खात्री अजूनही वाटत नाही, ते मत मी मागे घेतलेलं नाही. मुष्टियोद्धा शुक्रवारी.

भटकी_भवानी
जिंकले!!

गोदाकाठची
तू नाही, कॅलेंडर जिंकलं.

रंगपेटी
आदमचं ते बोटांचं चित्र सिस्टिनच्या छताच्या मधल्या पट्ट्यात आहे, शेवटच्या निवाड्याचं मोठं चित्र असलेल्या भिंतीकडून मोजलं तर चौथं. त्यांना आधीच सांगून ठेव, नाहीतर सगळ्या आकृत्यांच्या दाटीत शोधण्यातच वेळ जातो. आणि चित्र कॅलेंडरपेक्षा लहान वाटेल, छत २० मीटर उंच आहे. दुर्बीण असेल घरात तर न्या, छोटी.

तोरिनोकर
खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, सासूबाई साडीत असतील तर प्रश्न नाही, नवऱ्याला हाफ पँट घालू देऊ नका. गुडघ्याचा पट्टा मोठ्या बॅगेत टाकू नका, पर्समध्येच असू दे. आणि रस्त्यात ते नळ असतात सारखे वाहणारे, नासोनी म्हणतात, पाणी चांगलं असतं, तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या भोकातून कारंजं उडतं आणि वाकावं लागत नाही. आजींना ते दाखवा.