कडुनिंबाचं वर्तुळ बघून अँटिबायोटिक फेकायच्या?

महालकर_मायक्रो:
परवाची पोस्ट सगळ्यांनी पाहिली असेल. पेट्री डिशचा फोटो, कडुनिंबाच्या अर्काभोवती जंतू न वाढलेलं 18 मिमीचं वर्तुळ, खाली ‘आता अँटिबायोटिक फेकून द्या’. अर्क मेथॅनॉलमध्ये काढला, ते स्वतःच जंतू मारू शकतं, मग नुसतं मेथॅनॉल घातलेलं भोक त्याच प्लेटवर कुठंय? आगरमधल्या, म्हणजे प्लेटवरच्या जेलीतल्या, भोकाचा व्यास धरून मोजलं की वगळून? सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकच्या चकतीत 5 मायक्रोग्रॅम औषध असतं. तुम्ही मिलिग्रॅमांनी अर्क ओतून तिच्याशी बरोबरी सांगता! एमआयसी, म्हणजे जंतूंची वाढ थांबवणारी सगळ्यात कमी मात्रा, काढा, मग बोलू.

वैद्य_धरमपेठ:
पोस्ट माझीच. झाडपाला म्हटलं की तुमच्या कपाळाला आठ्या! मलेरियावरचं आर्टेमिसिनिन झाडातूनच आलं ना? ते शोधणाऱ्या चिनी शास्त्रज्ञ तू यूयूंना 2015 चं नोबेल उगाच मिळालं? माझ्या आईच्या पायाची चिघळलेली जखम कडुनिंबाच्या पाण्यानं धुऊन भरली. डोळ्यांनी पाहिलंय.

महालकर_मायक्रो:
त्यांनी उकळलेला काढा सोडून कमी तापमानाला ईथरनं अर्क काढला, तेव्हा गुण दिसला. पुढे त्यातला रेणू वेगळा केला, मात्रा ठरवली. आणि जखम रोज धुतल्यानंही भरते. रक्तात जंतू शिरल्यावर काय पाजणार?

इतवारी_भाऊ:
काऊन भांडून राहिले राजेहो? आमच्या गल्लीतला मेडिकलवाला साध्या सर्दीले सेफिक्सिमच्या, म्हंजे अँटिबायोटिकच्या, दोन गोळ्या कापून देते. चिठ्ठी मागत नाही. जंतू निगरगट्ट होतीन नाही तं काय!

बर्डी_काउंटर:
सगळ्यांना एका मापानं मोजू नका. सेफिक्सिम 2014 पासून शेड्यूल एच1 मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा औषधांच्या सरकारी यादीत आहे. डॉक्टरचं, पेशंटचं नाव, किती गोळ्या, सगळं रजिस्टरात लिहून तीन वर्षं जपतो आम्ही. चिठ्ठी मागितली की गिऱ्हाईक शिव्या देऊन शेजारच्या दुकानात जातं.

इतवारी_भाऊ:
मंग जाऊ द्या त्याले! माझ्या भाच्याची लघवी कल्चरले पाठवली, तं रिपोर्टात निम्म्या औषधांपुढं ‘रेझिस्टंट’, म्हंजे जंतूले ते लागूच पडत नाही. पोरगं अकरा वर्षांचं. शेवटी सलाईनमधून इंजेक्शनं द्या लागली. तुमचं रजिस्टर चाटू का?

बर्डी_काउंटर:
तोंड सांभाळून. अर्धा कोर्स घेऊन गोळ्या डब्यात ठेवणारे तुमच्याच घरात असतील.

वैद्य_धरमपेठ:
म्हणूनच तर नवी औषधं झाडांत शोधायची! मेथॅनॉलचा कंट्रोल हवा, हे मान्य. तेवढंच मान्य.

महालकर_मायक्रो:
शोधाच की, कोण नको म्हणतंय? दारुहळदीतलं बर्बेरिन हे द्रव्य स्टॅफिलोकोकस हा जंतू आपल्या पेशीतल्या पंपानं बाहेर फेकतो. तो पंप अडवला की तेच बर्बेरिन जास्त मारक ठरतं. काम तिथं आहे. पण ‘फेकून द्या’ हे वाक्य आजच काढा. त्या भाच्यासारख्या पोराच्या आईनं ते खरं मानलं तर?

वैद्य_धरमपेठ:
काढतो. फोटो राहील.